कवितास्पर्धेचे विभाग कसे पाडावेत? वृत्त, छंद, जाती आणि मुक्तछंद यांच्या सीमारेषा

ग्रंथसखी

आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी कवितास्पर्धा घेतली जाते. यंदा नियमावली नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. आजवर ‘वृत्तबद्ध’, ‘छंदोबद्ध’, ‘अभंग व ओवी’, ‘गझल’ आणि ‘मुक्तछंद’ असे पाच विभाग असत आणि कोणती कविता कोठे बसते हे परीक्षकांवर सोपवलेले असे. गेल्या खेपेस मात्र तीन तक्रारी आल्या आणि त्यांपैकी एकीचेही समाधानकारक उत्तर आम्हांला देता आले नाही.

पहिली तक्रार अशी, की एका स्पर्धकाने भुजंगप्रयात वृत्तातील कविता पाठवली होती आणि तिच्यातील ‘तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले’ ही ओळ परीक्षकांनी वृत्तभंग म्हणून बाद केली. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू (दोन मात्रांचे; लघु अक्षर एका मात्रेचे) होत असल्यामुळे ‘तु’ गुरू ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या स्पर्धकाने आर्या लिहिली होती. तिच्या चौथ्या चरणात १८ ऐवजी १५ मात्रा आहेत म्हणून गुण कापले गेले, शिवाय आर्या ‘वृत्तबद्ध’ विभागात धरायची की ‘छंदोबद्ध’ विभागात, यावर परीक्षकांतच एकमत झाले नाही. तिसऱ्या स्पर्धकाने तीच रचना ‘गझल’ आणि ‘वृत्तबद्ध’ अशा दोन्ही विभागांत पाठवली आणि ती दोन्हींकडे नियमांत बसत होती.

वृत्त, छंद आणि जाती हे शब्द आपण बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांत शास्त्रीय भेद असल्यास तो नियमावलीत उतरवता येईल इतक्या स्पष्टपणे कोणी सांगू शकेल का?

लगावली

भेद निश्चित आहे, आणि तो समजून घेण्यासाठी प्रत्येक संज्ञेला एकच प्रश्न विचारावा: येथे नेमके काय मोजले जाते? मराठीत या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन) यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात केली. या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली आणि त्याच कामासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. त्यांच्या मांडणीनुसार जेथे केवळ अक्षरांची संख्या मोजतात तो छंद, जेथे लघु-गुरूंचा ठरलेला क्रम पाळतात ते वृत्त, आणि जेथे मात्रांची बेरीज व त्यांची आवर्तने पाहतात ती जाती.

तक्रारीतील ओळच उदाहरणादाखल घेऊ. ‘तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले’ ही ओळ ‘लगागा लगागा लगागा लगागा’ अशी (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू), म्हणजे चार यगणांची आहे; गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. आता शब्द तेच ठेवून केवळ क्रम बदलू: ‘अंगणी चांदणे सांडलेले तुझ्या’. ही ओळ ‘गालगा गालगा गालगा गालगा’ अशी झाली. म्हणजे यगणांच्या जागी चार रगण आले आणि भुजंगप्रयाताचे स्रग्विणी झाले. दोन्ही ओळींत अक्षरे १२ आहेत, तेव्हा केवळ अक्षरे मोजणाऱ्याला त्यांत काहीच फरक दिसणार नाही. दोन्हींत मात्रा २० आहेत आणि त्या पाच-पाचांच्या गटांत पडतात, त्यामुळे मात्रा मोजणाराही त्यांना एकाच मापाच्या म्हणेल. वृत्ताच्या दृष्टीने मात्र त्या दोन निराळ्या रचना आहेत आणि एकाच श्लोकात त्या शेजारी शेजारी ठेवता येणार नाहीत.

‘तु’विषयी परीक्षकांचा निर्णय मला मान्य नाही. जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते ते त्याच्यावर उच्चारात आघात येतो म्हणून. पुढे जोडाक्षर छापलेले आहे एवढ्यावरून नव्हे. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या भुजंगप्रयातातील चरणात ‘सज्जना’मधील ‘स’ आणि ‘भक्ति’मधील ‘भ’ यांवर स्पष्ट आघात आहे, म्हणून ते गुरू आहेत आणि तसे नसते तर चरण बसलाच नसता. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. त्यांत जोडाक्षराआधीच्या अक्षरावर तसा आघात येत नाही, त्यामुळे ते लघूच राहते. संस्कृताचा नियम मराठी शब्दांना डोळे मिटून लावल्यामुळे हा घोटाळा होतो. परीक्षकांनी ओळ कागदावर न मोजता म्हणून पाहिली असती, तर ती कोठेही अडखळत नाही हे त्यांच्या लक्षात आले असते.

आर्येचे उत्तर थोडे अधिक रंजक आहे. आर्या ही मात्रांवर चालते, म्हणून ती जातीत मोडते. संस्कृतातील आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. ज्या रचनेत दुसरा आणि चौथा हे दोन्ही चरण १८ मात्रांचे असतात तिला तेथे गीति म्हणतात. मराठीत मोरोपंतांमुळे जी रचना आर्या म्हणून घरोघरी पोहोचली, ती बव्हंशी ही गीतीच आहे. त्यांच्या गौरवाची सर्वपरिचित ओळ मोजून पाहा: ‘सुश्लोक वामनाचा’ (१२), ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ (१८), ‘ओवी ज्ञानेशाची’ (१२), ‘किंवा आर्या मयूरपंताची’ (१८). येथे ‘सुश्लोक’मधील ‘सु’वर आघात आहे, म्हणून त्याच्या दोन मात्रा धरल्या तरच १२ भरतात, ‘तुझ्या’शी त्याची तुलना अवश्य करावी. तात्पर्य, आपल्या स्पर्धकाची १५ मात्रांची चौथी ओळ सदोष नव्हती. तो मूळ आर्या लिहीत होता आणि परीक्षक मोरोपंती आर्या शोधत होते.

दळणकांडण

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु ‘अभंग व ओवी’ हा विभाग चर्चेत मागे राहिला म्हणून लिहितो.

अभंगाची मोजणी सरळ आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते: ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया ॥’ लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन सयमक चरण असतात: ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥’ या दोन्हींत लघु-गुरूंना महत्त्व नाही, कारण अभंग म्हणताना प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्याच लांबीने उच्चारले जाते. बोलताना आपण ‘सुंदर’मधील ‘र’ अर्धवट उच्चारतो, अभंगात मात्र त्याला पूर्ण अक्षराचा मान मिळतो. टाळाच्या साथीने म्हटल्यावर हे आपोआप कळते.

ओवीचे तसे नाही. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ येथे अक्षरे सहा, सहा, आठ आणि चार अशी आहेत, आणि पुढच्या ओवीत ती इतकीच असतील याची शाश्वती नाही. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड, यमकाविना सुटणारा चौथा चरण एवढेच ग्रंथातील ओवीचे स्थिर लक्षण आहे. एकनाथांच्या ओवीत तर चरण चांगलेच लांबतात. म्हणून ओवीला अक्षरसंख्येच्या अटीत बांधणारा नियम लिहिलात, तर त्या नियमाने ज्ञानेश्वरीच बाद होईल.

जात्यावरची ओवी आणखी निराळी. १२व्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे ग्रंथांतील ओवीच्या आधीपासून ती गळ्यात होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून संकलित झाल्या आहेत. त्या ऐकताना असे दिसते, की गाणारी बाई ओळीचा अर्धा भाग पुन्हा घेते, मध्येच ‘बाई’, ‘माझ्या’, ‘सांगते’ असे शब्द घालते आणि घरोट्याच्या (जात्याच्या) फेऱ्याशी ओळ जुळवून घेते. कागदावर उतरवलेल्या ओळीची अक्षरे मोजून तिला सदोष ठरवणे म्हणजे अर्धीच ओवी तपासणे होय. अभंग आणि ओवी यांना एका विभागात ठेवायचे असल्यास त्यांचे निकष तरी वेगळे लिहावेत, अशी विनंती आहे.

मिसरा

तिसऱ्या तक्रारीत मुळात विरोध नाही. गझल हे वृत्ताचे नाव नसून रचनाप्रकाराचे नाव आहे. पहिल्या शेरातील म्हणजे मतल्यातील दोन्ही ओळींत आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया (यमकाचा शब्द) व रदीफ (त्यानंतर जसाच्या तसा येणारा शब्द) यांची बांधणी, काफियाआधीच्या स्वराची म्हणजे अलामतीची स्थिरता, आणि प्रत्येक शेराचे स्वतंत्र अस्तित्व या गोष्टींनी गझल ठरते. ती ज्या मापात चालते ते माप ही स्वतंत्र बाब आहे. देवप्रियेत (गालगागा गालगागा गालगागा गालगा) लिहिलेली गझल ही गझलही असते आणि वृत्तबद्ध कविताही असते. सुनीताचेही तसेच. केशवसुतांचे १८९२ मधील ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतील पहिले सुनीत मानले जाते. चौदा ओळींची बांधणी हा त्याचा रचनाप्रकार झाला, आणि त्या ओळी ज्या मापात बसवल्या ते त्याचे वृत्त झाले. कवी अनिलांची दशपदी (दहा ओळींची कविता) घेतली तरी हेच दिसेल. तेव्हा एका बाजूस मापाची नावे आणि दुसऱ्या बाजूस रचनाप्रकारांची नावे ठेवून दोन्हींचे विभाग एकाच यादीत केले, तर एक कविता दोन ठिकाणी बसणारच.

एक धोक्याची सूचना मात्र द्यावीशी वाटते. अलीकडे अनेकजण गझलेत एका गुरूऐवजी दोन लघू घेतात. मात्रा सारख्याच राहतात आणि चालीवर म्हणताना फारसे खटकतही नाही, पण अक्षरसंख्या बदलते व लगक्रम मोडतो. लगावली यांनी सांगितलेला निकष लावला, तर अशी गझल अक्षरगणवृत्तात (लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात) राहत नाही; ती जातीत गेली असे म्हणावे लागेल. ती वाईट ठरत नाही, फक्त तिच्यावर ‘भुजंगप्रयात’ असे नाव घालू नये. भुजंगप्रयाताचा उल्लेख मुद्दाम केला, कारण फारसीतील ‘फऊलुन’ चार वेळा घेऊन होणारी बहर आणि हे वृत्त यांचा लगक्रम एकच आहे, आणि म्हणूनच या वृत्तात मराठी गझल इतक्या सहजतेने रुळते.

निवृत्त शिक्षक

चर्चा वाचून समाधान वाटले, तथापि एका बाबतीत सावधगिरी हवी. ‘छंद म्हणजे केवळ अक्षरसंख्या’ हा अर्थ आधुनिक मराठी छंदशास्त्राचा आहे. संस्कृत परंपरेत छंद हा व्यापक शब्द असून पिंगलाच्या ‘छंदःसूत्रा’त अक्षरवृत्ते आणि मात्रावृत्ते या दोहोंचा विचार त्याच नावाखाली येतो. वेदांतील गायत्री (२४ अक्षरे), अनुष्टुभ (३२), त्रिष्टुभ (४४), जगती (४८) ही मापे प्रामुख्याने अक्षरसंख्येची आहेत हे खरे. परंतु पुढील काळातील अनुष्टुभ श्लोक पाहिला तर प्रत्येक चरणात आठ अक्षरे, पाचवे लघू, सहावे गुरू, सम चरणांत सातवे लघू आणि विषम चरणांत सातवे गुरू अशी काही स्थाने बांधलेली असतात व उरलेली मोकळी असतात. याला माधव जूलियनांच्या तीन घरांपैकी कोणत्याही एका घरात पूर्णपणे बसवता येत नाही. आपल्या स्पर्धकांत संस्कृत शिकलेले कोणी असतील, तर ‘छंदोबद्ध’ या शब्दाचा ते व्यापक अर्थच घेतील आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही.

जातीविषयीही दोन शब्द. मात्रांची बेरीज जुळली म्हणजे जाती साधली असे अनेक नवोदित समजतात. ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे’ या ओळीच्या ३० मात्रा आहेत, पण तिची गोडी त्या बेरजेत नाही. ‘श्रावणमासी’, ‘हर्ष मानसी’, ‘हिरवळ दाटे’ असे आठ-आठ मात्रांचे तीन गट आणि शेवटी ‘चोहिकडे’ हा सहा मात्रांचा गट, या आवर्तनांत ती आहे. यालाच पद्मावर्तनी रचना म्हणतात; सहा-सहा मात्रांच्या गटांनी चालणारी ती भृंगावर्तनी. ३० मात्रा भरल्या, पण आठव्या मात्रेवर शब्द मधोमध तुटला, तर चाल लंगडते. मोठ्या वृत्तांतील यतीचे प्रयोजन हेच आहे. मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर थांबा असतो आणि तेथे शब्द फोडणे हा यतिभंगाचा दोष मानतात.

वरच्या ओळीत ‘चोहिकडे’ असे ऱ्हस्व ‘हि’ आहे हेही परीक्षकांच्या नजरेस आणावे. ते दीर्घ केले तर मात्रा ३१ होतात. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घात अशी सवलत घेण्याचे स्वातंत्र्य कवीला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही दिलेले आहे, म्हणून शुद्धलेखनाचे गुण कापण्याआधी मात्रा मोजाव्यात. मात्र जो कवी प्रत्येक ओळीत ही सवलत घेतो, त्याला वृत्त वश झालेले नाही एवढे खुशाल समजावे.

ग्रंथसखी

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. या प्रतिसादांवरून नियमावलीचा मसुदा पुढीलप्रमाणे केला आहे, त्यातील उणिवा दाखवाव्यात.

विभाग केवळ मापावरून तीनच ठेवावेत: अक्षरगणवृत्तातील कविता, जाती किंवा अक्षरछंदातील कविता (आर्या, दिंडी, साकी, अभंग, ओवी इत्यादी), आणि मुक्तछंद. गझल, सुनीत, दशपदी हे रचनाप्रकार ज्या मापात असतील त्या विभागात जातील व गझलेसाठी एक स्वतंत्र पारितोषिक राहील. पहिल्या विभागासाठी ‘कवितेतील प्रत्येक ओळीत लघु-गुरूंचा क्रम एकसारखा असावा’ अशी अट घालावी. ओवीला अक्षरसंख्येची अट नसेल. ‘छंद’ हा शब्द आम्ही कोणत्या अर्थाने वापरत आहोत, ते आरंभीच एका वाक्यात सांगू.

मुक्तछंद विभागाबद्दल मात्र संभ्रम आहे. ज्या कवितेला कोणतेही माप नाही ती सर्व मुक्तछंदात धरावी का?

लगावली

धरू नये असे माझे मत आहे, पण येथे व्यवहार आणि शास्त्र यांत अंतर पडले आहे. अनिलांनी ज्या मुक्तछंदाचा पुरस्कार केला आणि ‘भग्नमूर्ती’ (१९४०) हे दीर्घकाव्य ज्यात लिहिले, त्यात ओळीची लांबी मोकळी असली तरी लहान लहान अक्षरगटांनी पुढे सरकणारी लय असते आणि मोठ्याने वाचताना ती ऐकू येते. आज मुक्तछंद या नावाखाली येणाऱ्या बहुसंख्य कवितांत अशी लय नसते. त्या गद्यलयीच्या कविता असतात आणि गद्यलय हीही साधण्याचीच गोष्ट आहे. आपण त्या विभागाचे नाव ‘मुक्तछंद व गद्यलयीतील कविता’ असे ठेवावे, म्हणजे कोणाला वगळावे लागणार नाही आणि दोन्ही एकच आहेत असा समजही पसरणार नाही.

पहिल्या विभागाची अट मात्र बदलावी लागेल. ‘प्रत्येक ओळीत क्रम एकसारखा’ हे फक्त समवृत्तांना, म्हणजे सर्व चरण सारखे असलेल्या वृत्तांना, लागू पडते. वियोगिनीसारख्या अर्धसमवृत्तात विषम चरण ‘स स ज ग’ (गणांची आद्याक्षरे; सुटे ल, ग म्हणजे लघु, गुरू) असा दहा अक्षरांचा आणि सम चरण ‘स भ र ल ग’ असा अकरा अक्षरांचा असतो. आपल्या अटीने तशी कविता पहिल्याच फेरीत बाद होईल आणि चौथी तक्रार येईल. त्याऐवजी ‘स्पर्धकाने कवितेच्या शिरोभागी वृत्ताचे नाव व लगक्रम लिहावा आणि कविता त्या लक्षणाशी जुळणारी असावी’ असे म्हणावे. अनुष्टुभ श्लोकही मग याच विभागात निश्चिंतपणे घेता येईल, कारण त्याचे लक्षण स्पर्धकच लिहून देईल. वृत्ताचे नाव ठाऊक नसल्यास केवळ लगक्रम दिला तरी चालेल अशी सवलत ठेवा; कानाने अचूक लिहिणारे पण नावे न शिकलेले कवी त्यामुळे दूर राहणार नाहीत.

दळणकांडण

जाती आणि अक्षरछंद यांच्या विभागातही हीच पद्धत ठेवावी. आर्या पाठवणाऱ्याने १२-१८-१२-१५ की १२-१८-१२-१८ हे आधीच लिहून दिले, तर परीक्षकांना वाद घालण्यास जागा उरणार नाही. जात्यावरच्या ओवीच्या वळणाने लिहिणाऱ्यांकडून मात्र लक्षण मागू नये. शक्य असल्यास त्यांच्याकडून ओवी म्हटल्याचे ध्वनिमुद्रण मागवावे आणि परीक्षकांनी ती आधी ऐकावी, मग वाचावी.